कोकणातल्या घरात गॅस गीझर बसवताना

गॅस गीझर बसवताना सर्वांत अधिक विचार जागेचा करावा लागतो, आणि कोकणात तो आषाढातला पाऊस डोळ्यांसमोर ठेवून करावा लागतो. बहुतेक घरांत हे काम दिवाळीनंतर किंवा फाल्गुन-चैत्रात होते. त्या दिवसांत मागची पडवी मोकळी असते, वारा खेळता असतो आणि तेथे टांगलेल्या गीझरकडे पाहून कोणालाही धोका जाणवत नाही. मृग लागण्याच्या सुमारास त्याच पडवीला झाप बांधले जातात किंवा निळी ताडपत्री ओढली जाते, न्हाणीघराच्या खिडकीवर प्लास्टिक ठोकले जाते, आणि बाहेरची म्हणून निवडलेली जागा चारही बाजूंनी बंद होऊन बसते. त्यामुळे पुढील सर्व सूचना पावसाळ्यातले घर गृहीत धरून वाचाव्यात.

किनारपट्टीवर हे यंत्र लोकप्रिय का झाले, हे समजण्यासारखे आहे. न्हाणीतल्या चुलीला आणि बंबाला लागणारे सरपण पावसात कोरडे राहत नाही, आणि वीज तर पहिल्या जोराच्या वाऱ्याबरोबर जाते. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड आणि दापोलीकडील अनेक गावांना दीर्घकाळ विजेवाचून राहावे लागले होते. साधा गॅस गीझर दीड व्होल्टच्या दोन जाड बॅटऱ्यांवर ठिणगी पाडतो, त्यामुळे वीज नसतानाही तो चालतो. ही सोय खरी आहे. मात्र स्वयंपाकाच्या शेगडीपेक्षा तो गॅस कितीतरी वेगाने जाळतो, आणि शेगडीला जेवढी हवा पुरते तेवढी त्याला मुळीच पुरत नाही.

मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण आचेवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यासाठी सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून साडेपाच घनमीटरांहून कमीच हवा असते. म्हणजे दहा मिनिटांच्या एका आंघोळीत त्यातली दोन घनमीटरांहून अधिक हवा गीझर वापरून टाकतो. हवा उणी पडली की ज्योत विझत नाही. ती अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास व्यवस्थित चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आंघोळ करणाऱ्या माणसाला आधी डोके जड झाल्यासारखे वाटते, मग पायांतील बळ जाते, आणि कडी काढण्याइतके भान राहीलच याची खात्री नसते. गळणाऱ्या गॅसची सूचना त्यात मुद्दाम मिसळलेल्या उग्र वासामुळे मिळते. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तशी कोणतीही सूचना मिळत नाही.

जागेची निवड

यावरून पहिला नियम निघतो, आणि त्याला अपवाद नाही. गीझर न्हाणीघरात बसवू नये. तो बाहेरच्या भिंतीवर असावा आणि तेथून केवळ गरम पाण्याचा नळ आत यावा. न्हाणीघराला मोठी खिडकी आहे, दाराला खाली फट आहे, किंवा शेजारच्यांकडे वर्षानुवर्षे आतच बसवलेला आहे, यांपैकी कोणतेही कारण मान्य करू नये. खिडकीत एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून आत बसवला तर चालेल, असेही काही जण सुचवतात. दार लावून घेतलेल्या खोलीत असा पंखा हवा बाहेर ओढतो, तिची जागा भरायला नवी हवा येण्याची वाट नसते, आणि गीझरला धुराचा पाइप असल्यास बाहेर जाऊ पाहणारा वायू त्याच पाइपातून उलटा आत खेचला जातो.

बाहेरची जागा निवडताना पडवीची किमान एक, शक्यतो दोन बाजू बारमाही उघड्या राहतील असे पाहावे. नैऋत्येचा वारा आणि पाऊस बहुधा पश्चिम आणि दक्षिण अंगाला झोडपतो, म्हणून झाप आणि ताडपत्री त्याच बाजूंना बांधली जाते. गीझर पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर घेतला तर ती बाजू पावसातही उघडी ठेवता येते आणि सोसाट्याच्या वाऱ्याने ज्योत मागे ढकलली जाण्याचा त्रासही कमी होतो. घराची रचना तशी नसेल, तर पडवीच्या भिंतीत कायमच्या दोन मोकळ्या जागा ठेवाव्यात, एक जमिनीलगत आणि दुसरी छताच्या जरा खाली. जांभ्याच्या भिंतीत एका चिऱ्याच्या दर्शनी तोंडाएवढी जागा हे सोयीचे माप आहे. दोन चिऱ्यांएवढी ठेवल्यास अधिक चांगले. तिला आडवे तिरपे खापे लावून पाऊस अडवावा, परंतु डासांची बारीक जाळी लावू नये, कारण खाऱ्या हवेतली ओल आणि धूळ मिळून ती जाळी एका मोसमात बुजते. दार लावता येईल अशी झडप तर मुळीच बसवू नये, कारण लावता येणारी झडप पहिल्या झडीलाच लावली जाते.

कौलारू घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जुन्या घरांत खोल्यांमधील भिंती बऱ्याचदा आढ्यापर्यंत चढवलेल्या नसतात. त्या अर्ध्यावर संपतात आणि वरची पोकळी सर्व खोल्यांना सामाईक असते. पूर्वी चुलीचा धूर या पोकळीतून कौलांच्या फटींतून निघून जाई. आता कौलांखाली पत्रे किंवा पीव्हीसीचे छत बसवले गेले आहे, आणि वळचणीखाली साचलेला वायू बाहेर जाण्याऐवजी माजघरात, निजण्याच्या खोलीत उतरू शकतो. ज्या पडवीचे छप्पर मूळ घराच्या छपराला सलग आहे, तेथे गीझरच्या वर ही पोकळी विटांनी बंद करून गिलावा करून घ्यावा. हे गवंड्याचे दिवसभराचे काम आहे आणि ते गीझर आणण्यापूर्वीच उरकावे.

गीझरच्या खाली शेगडी नसावी, वर लाकडी फळी किंवा वासा अगदी जवळ नसावा, शेजारी विजेचा बोर्ड नसावा आणि कपडे वाळत घालण्याची दोरी तर कधीच नसावी. पावसात न वाळणारे कपडे गीझरच्या ऊबेला टांगण्याचा मोह होतो, आणि एखादा टॉवेल वरच्या झरोक्यावर पडला की जळलेला वायू बाहेर पडण्याची वाटच बंद होते. ज्योत दिसण्याची काच उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला यावी. गीझर त्या मापाने टांगावा.

कोणता गीझर घ्यावा

कोकणात विहिरीचे पाणी थंडीतही घाटावरच्यासारखे गारठत नाही. त्याचे तापमान वर्षभर २५ अंशांच्या आसपास राहते आणि आंघोळीला ४० अंशांचे पाणी पुरते. पंधरा अंश वाढवण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. दुकानदार अधिक क्षमतेचा गीझर सुचवील, पण मोठा गीझर म्हणजे अधिक गॅस आणि अधिक हवेची गरज, म्हणून मिनिटाला सहा लिटरांपर्यंतचा लहान गीझर हीच माझ्या मते येथील योग्य निवड आहे. त्यावर आयएसआय चिन्ह असावे. एलपीजीवर चालणाऱ्या अशा लहान गीझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे. ज्योत विझल्यास गॅस बंद करणारी, पाणी थांबताच ज्योत विझवणारी आणि पाणी अती तापल्यास यंत्र थांबवणारी अशा तिन्ही सोयी त्यात आहेत का, हे विचारून घ्यावे. प्राणवायू कमी झाल्यास बंद पडणारे मॉडेल मिळत असेल तर थोडे अधिक पैसे मोजून तेच घ्यावे.

रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील काही शहरांत आता पाइपने नैसर्गिक वायू येतो. त्याचा दाब आणि जळण्याची रीत सिलिंडरमधील गॅसपेक्षा वेगळी असते, त्यामुळे एकासाठी बनवलेला गीझर दुसऱ्यावर तसाच जोडता येत नाही. यंत्रावरच्या पट्टीवर कोणता गॅस छापला आहे, हे जोडण्यापूर्वी वाचावे.

भिंत आणि पाणी

जांभा सच्छिद्र असतो. ड्रिल लावले की भोक भुगा होऊन रुंदावते आणि त्यात ठोकलेली प्लास्टिकची गिट्टी एका पावसाळ्यानंतर सैल होते. भोक जरा मोठे घेऊन त्यात सिमेंटचा घट्ट माल भरावा, त्यात बोल्ट बसवावा, आणि दोन दिवस पाणी मारून तो पक्का झाल्यावरच गीझर टांगावा. बोल्ट आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधे लोखंड खाऱ्या हवेत फार टिकत नाही.

गीझर पेटण्यासाठी पाण्याला पुरेसा दाब लागतो. तो कमी पडला तर ठिणगी पडते पण ज्योत धरत नाही, किंवा धरली तरी मध्येच जाते. पाण्याची टाकी गीझरपेक्षा किमान तीन मीटर उंच असावी. निश्चित आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. कौलारू घरात टाकी बहुधा परसातल्या चिऱ्यांच्या चौथऱ्यावर असते आणि तिची उंची अपुरी पडते. अशा वेळी चौथरा वाढवावा, किंवा कमी दाबावर चालणारे मॉडेल निवडावे. गार पाण्याच्या नळावर बंद करण्याची चावी आणि तिच्या पुढे गाळणीची जाळी बसवावी, कारण विहिरीतून येणारी बारीक वाळू पाण्याच्या दाबावर गॅस उघड-बंद करणाऱ्या गीझरमधील रबरी पडद्याजवळ अडकली, तर पाणी बंद केल्यावरही ज्योत चालू राहू शकते. समुद्रालगतच्या ज्या विहिरींचे पाणी वैशाखात मचूळ होते, तेथे तांब्याच्या नळ्यांवर क्षाराचा थर बसतो. अशा घरी त्या महिन्यांत गीझर न वापरणेच इष्ट. गरम पाण्याच्या बाजूला सीपीव्हीसीचा किंवा धातूचा पाइप वापरावा. साधा पीव्हीसी पाइप तापून मऊ पडतो.

गॅसची जोडणी

गॅसची जोडणी वितरकाच्या मेकॅनिकने किंवा गीझर कंपनीच्या तंत्रज्ञाने करावी. घरमालकाने करायचे काम म्हणजे पुढे सांगितलेल्या गोष्टी होत आहेत की नाहीत, ते समोर उभे राहून पाहणे.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो आणि गळाल्यास पाण्यासारखा उताराकडे वाहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान झाले की एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर मोरीजवळ, विहिरीच्या काठाशी किंवा जोत्याच्या खालच्या खोलगट भागात ठेवू नये. गळलेला गॅस मोरीच्या नळातून शोषखड्ड्यात जाऊन साचतो आणि तेथे तो कोणाच्याही लक्षात येत नाही. सिलिंडर उभाच असावा आणि ओल्या फरशीवर न ठेवता स्टँडवर ठेवावा, म्हणजे त्याचे बूड गंजत नाही. त्याला कपाट केले असेल तर कपाटाच्या तळाशी भोके असावीत.

शेगडीच्याच सिलिंडरवर प्लास्टिकचा किंवा पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून रबरी नळीने गीझर जोडण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि ती धोक्याची आहे. गीझरला स्वतंत्र सिलिंडर आणि स्वतंत्र रेग्युलेटर असावा, किंवा दोन्ही उपकरणांसाठी धातूची पाइपलाइन करून प्रत्येकाला वेगळी चावी द्यावी. रबरी नळी आयएसआय चिन्हाची, आत तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळीच असावी. तिची लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी, तिला मध्ये जोड नसावा आणि ती भिंतीतून आरपार नेऊ नये. भिंतीच्या आत नळी चिरली किंवा उंदराने कुरतडली तर ती दिसत नाही. सिलिंडर एका बाजूला आणि गीझर दुसऱ्या बाजूला असेल, तर भिंतीतून जाणारा भाग तांब्याच्या किंवा लोखंडी पाइपचा असावा आणि तो बाहेरून दुसऱ्या पाइपचे वेष्टन घालून न्यावा. नळीवर बनवल्याचे साल छापलेले असते. पाच वर्षांनी ती बदलावी लागते, परंतु किनाऱ्यालगत तिला भेगा दिसल्या किंवा क्लिप गंजली तर मुदतीची वाट पाहू नये.

गीझरला धुराचा पाइप असेल तर तो कसा बसवायचा, हे यंत्राच्या प्रकारावर ठरते. पंख्याविना, केवळ उष्णतेने वायू वर चढवणाऱ्या गीझरचा पाइप आधी सरळ वर आणि मग बाहेरच्या दिशेने चढता असावा, आणि त्याचे तोंड वळचणीखाली न संपता तिच्याबाहेर, छपराच्या वर निघावे. पंखा असलेल्या गीझरचा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असतो, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. दोन्ही ठिकाणी तोंडावर टोपी हवी. वानरांच्या उड्यांनी ती वाकडी होते, म्हणून ती पट्टीने पक्की बांधावी आणि अधूनमधून मान वर करून पाहावी.

पहिल्यांदा पेटवताना

आधी बॅटऱ्या न घालता आणि गॅस न उघडता पाणी सोडावे. पाइपमधील हवा निघून धार एकसारखी झाली आणि कोणताही सांधा गळत नाही याची खात्री झाली, की पाणी बंद करून रेग्युलेटर उघडावा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावावा. एकही बुडबुडा फुगता दिसला तर तेथेच थांबून जोडणी पुन्हा करून घ्यावी. काडी ओढून गळती शोधण्याची सवय अजूनही काही मेकॅनिकांना आहे. तसे करू देऊ नये.

यानंतर बॅटऱ्या घालाव्यात, आच सर्वांत कमी ठेवावी आणि पाण्याचा नळ उघडावा. ठिणगीचा टकटक आवाज होऊन ज्योत लगेच धरली पाहिजे. ती उशिराने आणि भपकन पेटत असेल तर पेटण्यापूर्वी आत गॅस साचतो आहे असे समजावे आणि तंत्रज्ञाकडून दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नये. ज्योत निळी आणि स्थिर असावी. पिवळी, लांब, हेलकावणारी ज्योत किंवा वरच्या झरोक्यावर काजळी ही हवा कमी पडत असल्याची खूण आहे. मग नळ बंद करून ज्योत त्याच क्षणी विझते का, हे चार-पाच वेळा तपासावे. शेवटी पडवीची पावसाळ्यातली ताडपत्री मुद्दाम ओढून, न्हाणीघराचे दार लावून गीझर पंधरा मिनिटे चालवावा आणि स्वतः बाहेर उभे राहून ज्योतीचा रंग बदलतो का ते पाहावे. ही चाचणी कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही, परंतु कोकणातल्या घरासाठी ती मला सर्वांत उपयोगाची वाटते.

गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र लावायचे असेल तर ते सिलिंडरजवळ, जमिनीपासून फूटभर उंचीवर असावे. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र वेगळे असते आणि ते झोपण्याच्या खोलीत, श्वासाच्या उंचीला लावतात. एक दुसऱ्याचे काम करत नाही.

वापर

बऱ्याच गीझरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. गणपतीत चाकरमानी आले की सकाळी एकापाठोपाठ दहा-बारा आंघोळी होतात, आणि बंद पडलेला गीझर पुन्हा पुन्हा चालू केला जातो. त्या दिवसांत प्रत्येक दोन आंघोळींमध्ये दहा मिनिटांची विश्रांती ठेवावी, किंवा सरळ दोन मोठ्या बादल्या आधी भरून घ्याव्यात. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी गीझरचे नियंत्रण पाहुण्यांच्या हाती न ठेवता गरम पाणी स्वतः सुरू करून द्यावे, कारण नवख्या माणसाला आवाजावरून बिघाड ओळखता येत नाही.

आंघोळीला गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल किंवा गीझर चालू असताना कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी सर्व दारे-खिडक्या उघडाव्यात, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना गॅस गीझर चालू होता हे आवर्जून सांगावे. नाहीतर फीट किंवा अशक्तपणा समजून उपचार होऊ शकतात. गॅसचा वास येत असेल तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करून घराबाहेर यावे आणि १९०६ या मदतक्रमांकावर कळवावे.

वर्षातून एकदा कंपनीच्या तंत्रज्ञाकडून बर्नर आणि जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक भोके, साफ करून घ्यावीत. यासाठी श्रावण हा चांगला महिना आहे, कारण त्यानंतर लगेच गर्दीचे दिवस येतात. मुंबईला राहणाऱ्यांची जी घरे शिमगा आणि गणपतीलाच उघडली जातात, तेथे नुसती सफाई पुरत नाही. घर बंद करताना रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावावी, बॅटऱ्या बाहेर काढाव्यात, नाहीतर त्या पाझरून पट्ट्या खाऊन टाकतात, आणि गीझरमधील पाणी काढून टाकावे. घर उघडल्यावर गीझरच्या खालच्या भोकांत, धुराच्या पाइपात आणि वरच्या झरोक्यात विजेरीचा उजेड पाडून पाहावे. कुंभारमाशी मातीचे घर बांधायला अशीच भोके शोधते आणि कोळी जेटच्या तोंडाशी जाळे विणतो. एवढ्याशा अडथळ्याने गॅसमध्ये हवा नीट मिसळत नाही आणि ज्योत पिवळी होते. माती किंवा जाळे दिसले तर तारेने खरवडू नये, कारण जेटचे भोक त्याने रुंदावते. तंत्रज्ञ येऊन ते साफ करीपर्यंत पाणी चुलीवर तापवावे.